सव्वातीनचा दिवा

ढमढेरेंचा फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा
यादीत होतं: पंखे चार, गीझर एक, टीव्ही चालू स्थितीत.
मीटरच्या कपाटात, साबुदाण्याच्या जुन्या डब्यात बसवलेलं
ते हिरवं बोर्ड यादीत नव्हतं.
झाकणाला तापल्या सुईने पाडलेली भोकं,
आत एक लाल ठिपका, दर दोन सेकंदांनी.

हिंगणे, तिसरा मजला, मागे कालवा.
मी रक्तपेढीत रात्रपाळी करते,
सकाळी साडेआठला येते, पडदे ओढते, झोपते.
घराला हे कुणी सांगितलं नव्हतं.
एक वाजून दहा मिनिटांनी टीव्ही आपसूक लागायचा,
निवेदिका माझ्या झोपेत उभी राहून
कुठल्याशा पुलाचं उद्घाटन सांगायची.

गुरुवारी वीज जायची.
परत आली की बोर्डाला वेळ आठवायची नाही.
त्याच्या लेखी ती एक जानेवारी एकोणीसशे सत्तरची पहाट, साडेपाच,
आणि साडेपाचला गीझर लावायचा असतो.
मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता
कढत पाणी,
माझ्या जन्माआधीच्या कुणाच्या तरी आंघोळीसाठी.

शेवटी लॅपटॉप जोडला.
पासवर्ड डब्याच्या बुडाला बॉलपेनने लिहिलेला.
अडीचशे ओळी. आज्ञा मला अर्ध्याच कळतात,
पण प्रत्येकीच्या डोक्यावर त्याने मराठीत लिहिलं होतं,
पुढे हॅश लावून, म्हणजे यंत्राने वाचू नये:

# आप्पांची गोळी. बातम्या लागल्या की आठवते त्यांना.
# गीझर नऊ मिनिटंच. बंद करायला विसरतात.
# दिवा लुकलुकतोय. तापकीर गल्लीतून नवीन रिले आणणे.
# आणला. तोही तसलाच. दीडशे रुपये गेले.
# ३:१५, पॅसेज. लघवीला उठतात. मागच्या खेपेला पडले.

फोन लावताना जीभ जड झाली होती.
शशांक ढमढेरे आता नाशिकला असतात.
"अहो, आप्पा मजेत आहेत," ते म्हणाले,
"इथे साधी बटणं. रात्री घरभर दिवे लावून फिरतात.
बंद करायला मी उठतो. तुम्ही काढून टाका सगळं."

ओळीमागून ओळ हॅश लावत गेले.
पुसलं काहीच नाही. नुसतं गप्प बसवलं.
टीव्ही. गीझर. मग सव्वातीन.
सव्वातीनला मी घरात नसतेच,
पिशव्यांवर गट लिहीत असते, बी पॉझिटिव्ह, ओ निगेटिव्ह.

तिसऱ्या सकाळी फाटकावर वॉचमन रोकडे:
"मॅडम, बल्ब गेला का तुमचा?
तो लागला की मी उठायचो,
मागच्या अंगाला चक्कर टाकायची ती वेळ.
मला वाटायचं, कसली तरी परीक्षा देताय तुम्ही."
त्या रात्री त्यांना थेट पाचला जाग आली होती
आणि बी विंगमधल्या स्कूटरची बॅटरी गेली होती.

हॅश काढला. वर लिहिलं:
# ३:१५, पॅसेज. आता रोकडे. काढू नये.
खाली माझी स्वतःची पहिली ओळ, तीनदा चुकलेली:
साडेआठ ते साडेचार दाराची बेल वाजवायची नाही,
ठिपका पेटवायचा फक्त.
कुरियरवाला अजून बटण दाबत उभा राहतो,
मग माझ्या नावाने खडे फोडत खाली जातो.

एक उरलंय.
सुट्टीच्या रात्री, नऊ सतराला,
टीव्हीचा आवाज चार घरं खाली येतो.
सगळ्या ओळी दोनदा वाचल्या, सापडत नाही.
नाशिकला विचारलं. "नऊ सतरा? मी नाही बुवा लिहिलं."
मागून आप्पा काहीतरी सांगत होते,
तेवढ्यात तिकडचा कुकर वाजला.

परवा आवाज खाली आला तेव्हा
कालव्याला सोडलेलं पाणी ऐकू येत होतं.
तेच असेल असं नाही.